फिटचं सर्टिफिकेट

पाली
२ डिसेंबर २०२४

चि. प्राप्तीस आत्याचे आशीर्वाद.

तुझा फोन दोनदा आला. दोन्ही वेळा तुझ्यामागे कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला, त्यामुळे तू काय सांगत होतीस ते मला अर्धंच कळलं. म्हणून हे पत्र. मी अडतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली शेवटची सहा पोस्टमास्तर म्हणून. पालीहून टाकलेलं पत्र तुमच्या मांडव्याकडे चौथ्या दिवशी पोचायला हवं. पाचव्या दिवशी पोचलं तर कळव, मी अर्ज करीन.

ऐकू आलं ते असं: वर्षभर तुझं सगळं अंग दुखतंय, महिनाभर तू रजेवर आहेस आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. मग अडचण काय आहे? तू एकतीस वर्षांची आहेस. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि माझेही रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण मी त्याबद्दल कोणाला फोन करत नाही.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अगाथा म्हणायच्या की दुखणं ही लक्ष वेधून घेण्याची वाईट सवय आहे. त्या आम्हाला बाकावर टेकून बसू देत नसत. आमच्या वर्गातल्या एकीचीही पाठ पुढे दुखली नाही, निदान मला तरी कोणी कळवलेलं नाही.

तेव्हा पाच वाजता उठ. गार पाण्याने अंघोळ कर. ताठ बस. मोबाइल कमी बघ. मी देवळामागे राहते, रोज शेकडो माणसं प्रदक्षिणा घालताना बघते. कोणाचं काही दुखत नाही. आणि कोणी विचारलं तर 'बरी आहे' म्हणावं. विचारणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं.

तुझी,
इंदुमती आत्या


धोकवडे
१० डिसेंबर २०२४

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पाचव्या दिवशी आलं. अर्ज करू नकोस, पोस्टमन चांगला माणूस आहे.

पत्र वाचून गार पाण्याने अंघोळ केली. पुढचे दोन दिवस मला केस बांधता आले नाहीत. दिपेशने बांधून दिले. तो ट्रेलर चालवतो, त्याने दोरखंडाला मारतात तशी गाठ मारली. ती सोडवायला जागृती लागली.

तुला नीट सांगते, कारण तू निदान पूर्ण वाचशील. सकाळी जाग येते तेव्हा रात्रभर कोणी अंगावर पोती रचून ठेवली होती असं वाटतं. झोप होते, पण विश्रांती होत नाही. वाईट दिवशी खांद्यावर ओढणी सहन होत नाही. बोलता बोलता साधे शब्द सापडत नाहीत, परवा 'झारा' आठवेना. पनवेलच्या डॉक्टरांनी याला फायब्रोमायल्जिया म्हणतात असं सांगितलं. ते रक्तात किंवा एक्स-रेत दिसत नाही. ते म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे बाकीचे आजार नाहीत. हा नाही, असं नव्हे." हे वाक्य मी तीनदा ऐकलं आणि घरी येऊन एकदाही नीट सांगू शकले नाही.

घरी सासूबाईंना जे समजलं ते एवढंच की रिपोर्ट नॉर्मल. त्या शेजारणीला म्हणाल्या, "डाक्टर पन बोलला काय न्हाय म्हनून. अंगचोर हाय." मी ओट्याशीच उभी होते. वर्षभर हाच शब्द ऐकतेय. जागृतीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, लग्न फेब्रुवारीत आहे. पेणची मंडळी. मुलगा गणराज. घरात कामाचा डोंगर आणि मी भिंत धरून चालते.

आता गंमत ऐक. बोटीच्या ऑफिसने कळवलं की एक जानेवारीला तिकीट खिडकीवर रुजू व्हायचं असेल तर डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट आणा, नाहीतर जागा भरावी लागेल. डॉक्टरांनी ते दिलं. सलग तीन तास न बसता मध्ये मध्ये उठायची सवलत द्यावी, असंही त्यात लिहिलं. दिपेशने दवाखान्याबाहेरून घरी फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "आई, फिटचं सर्टिफिकेट मिळालं!"

आम्ही घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. डोळे लाल. मला म्हणाल्या, "आदी कशाला न्हाय सांगितलास, बाय?" मला हाताला धरून आत नेलं, पंख्याखाली खुर्चीत बसवलं आणि जागृतीला म्हणाल्या, "कांदा फोडून हाताशी ठेव."

आत्या, त्यांना वाटतंय मला फिट येते.

मी तशीच बसून राहिले. वर्षभरात पहिल्यांदा त्या घरात मला कोणी बस म्हणालं होतं.

तुझी,
प्राप्ती


पाली
१५ डिसेंबर २०२४

चि. प्राप्तीस आशीर्वाद.

गार पाण्याचा सल्ला मी मागे घेते. तो लेखी होता म्हणून लेखी मागे घेते.

बाकीचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून. तुला फिट येत नाही हे तुला माहीत आहे, दिपेशला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे, आणि तरी घरात फोडलेला कांदा तयार आहे. फिट म्हणजे काम करायला समर्थ. हा शब्द आमच्या शाळेत चौथीत शिकवत. तुमच्या घरात चार माणसं आहेत आणि टीव्हीवर दीडशे वाहिन्या आहेत, पण त्याचा अर्थ सांगायला एकही जण तयार नाही.

तू आजच्या आज सांग. खोट्यावर मिळालेल्या खुर्चीत बसू नये. आपल्या घराण्यात कोणी बसलेलं नाही.

आणि ते कांदा नाकाला लावणं शास्त्रात कुठेही नाही, एवढं विहीणबाईंना माझ्या वतीने सांग.

तुझी,
इंदुमती आत्या


धोकवडे
२१ डिसेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

अजून सांगितलेलं नाही. रागावशील हे धरूनच लिहिते.

या अकरा दिवसांत काय झालं ते ऐक. मला पाट्यावर वाटण वाटू देत नाहीत. विहिरीकडे जाऊ देत नाहीत. दुपारी झोपले तर दार लोटून घेतात. सासूबाई स्वतः माझे पाय तेल लावून चोळतात, आणि कुठे हळू, कुठे जोरात, हे विचारून चोळतात. जागृतीच्या साखरपुड्यात मी खुर्चीवर बसून पानं लावली आणि कोणी एक शब्द बोललं नाही. मला बरंही वाटलंय. अकरापैकी तीन दिवस मी भिंत न धरता चालले.

या सगळ्यामागे मोरूमामा आहेत. सासूबाईंचा धाकटा भाऊ. उरणकडच्या मिठागरात कामाला होता, फिट येऊन पडला आणि गुडघाभर पाण्यात गेला. बाजूला सगळे कामात होते, कोणाचं लक्ष नव्हतं. हे त्यांनी मला परवा पाय चोळताना सांगितलं. घरात कोणाला माहीत नव्हतं, दिपेशलाही नाही. आता तूच सांग, त्या माझ्या पायाशी बसून हे सांगत असताना मी मध्येच शब्दाचा अर्थ सांगायचा होता का?

पण दुसरी बाजूही आहे. माझ्या स्कूटरची चावी त्यांनी स्वतःच्या पदराला बांधलीय. फिट आलीच तर लोखंड म्हणून ती माझ्याच हातात द्यायची, अशी दुहेरी व्यवस्था आहे. जेट्टी पाण्यावर, म्हणून नोकरी बंद. "बोट गेली खड्ड्यात," म्हणतात. एक तारखेला रुजू झाले नाही तर खिडकी जाईल. मला ती खिडकी हवी आहे. दिवसभरात तिथे मला कोणी 'अंगचोर' म्हणत नाही, फार तर 'ओ मॅडम, लवकर' म्हणतात.

ऑफिसात मी ठीक आहे हे सिद्ध करायचं, घरी मी ठीक नाही हे. दोन्हीकडे कागद तोच.

मी सांगणार आहे. एक तारखेच्या आधी सांगणार आहे. पण माझ्या तोंडाने आणि असं, की खरं दुखणंही त्यांना कळेल. तेवढं शोधते आहे. तू काही लिहू नकोस. एवढं ऐक.

तुझी,
प्राप्ती


पाली
२६ डिसेंबर २०२४

श्रीमती जनाबाई म्हात्रे यांस,

सप्रेम नमस्कार. मी प्राप्तीची आत्या. आपल्या घरात एक गैरसमज झाला असल्याचं समजलं, तो दूर करणं माझं कर्तव्य समजते.

फिट हा इंग्रजी शब्द आहे. डॉक्टरांनी दिलेल्या फिट सर्टिफिकेटचा अर्थ प्राप्तीला फिट येते असा नसून ती कामावर जाण्यास पूर्णपणे योग्य व समर्थ आहे असा आहे. तिला झटके येत नाहीत, आलेले नाहीत व येण्याची शक्यता नाही. तरी तिची वाहनाची चावी परत करावी व तिला एक जानेवारीपासून नोकरीवर जाऊ द्यावं.

कांद्याचा उपयोग स्वयंपाकापुरता ठेवावा.

आपली,
इंदुमती घरत
निवृत्त पोस्टमास्तर


धोकवडे
४ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र पोचलं. चौथ्या दिवशी.

दिपेशने मोठ्याने वाचलं. 'पूर्णपणे योग्य व समर्थ' हे सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे सर्टिफिकेटच हाय, का काय झालेला न्हाय." पदराची गाठ सोडली. नंतर चावी माझ्यासमोर टाकली आणि म्हणाल्या, "माज्या मेलेल्या भावावर तू बसून खाल्लास."

मी फायब्रोमायल्जिया सांगायला गेले. म्हणाल्या, "आता आनखी नवीन नाव न्हाय पायजे."

एक तारखेला रुजू झाले. संध्याकाळी येऊन लग्नाचे पापड. खुर्ची माळ्यावर गेली.

आता पत्र पाठवू नकोस.

प्राप्ती


पाली
३० जानेवारी २०२५

चि. प्राप्तीस,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. पत्रं पोचली आहेत, मी चौकशी केली.

त्या दोन पत्रांत मी माझं म्हणणं कसं बरोबर होतं ते लिहिलं होतं. शब्दाचा अर्थ मी बरोबरच सांगितला. पण तू ज्या गोष्टीसाठी मुदत मागितली होतीस ती मी ऐकली नाही. मला वाटलं, तू खोटं लपवते आहेस. तू खरं सांगायची जागा शोधत होतीस.

आता एक गोष्ट, जी मी कोणाला सांगितलेली नाही. अलिबागला माझ्या हाताखाली साक्षी नावाची मुलगी होती, टपाल छाटायला. तिने बसायला उंच स्टूल मागितलं. मी विचारलं, काय झालंय? ती म्हणाली, "दिसण्यासारखं काही नाही, मॅडम." मी अर्जावर लिहिलं: 'दिसण्यासारखं काही नाही. नामंजूर.' सही केली. स्टूल मागच्या खोलीत होतं, त्याच्यावर पावतीपुस्तकांचे गठ्ठे ठेवले होते. वर्षभराने तिने नोकरी सोडली. निरोपसमारंभात मी तिच्या चिकाटीबद्दल पाच मिनिटं बोलले आणि तिला शाल दिली.

परवा मी तो शेरा पुन्हा आठवून बघितला. अक्षर चांगलं होतं.

तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आजाराबद्दल इथल्या वाचनालयात काही मिळालं नाही, म्हणून शेजारच्या प्रणयकडून इंटरनेटवरून छापून घेतलं, बावीस पानं. त्यातलं एक मला कळलं: काल जमलं म्हणून आज जमेल असं नसतं, आणि आज हसली म्हणून दुखत नाही असं नसतं. इतके दिवस मी ते उलट धरून चालले होते.

मी आता सल्ला देत नाही. विचारते. तुला काय केलेलं चालेल? काहीच नको असेल तर तसं लिही. एका ओळीचं पत्रही पोस्ट पोचवतं.

इंदुमती आत्या


धोकवडे
१६ फेब्रुवारी २०२५

विहीनबाईंना जनाबाईचा नमस्कार.

मला लिवता येत न्हाय. जागृती लिवते. मी बोलते तसाच लिव सांगितलाय, शुद्ध केला तर मी वलखीन.

तुमचे पत्राचा मला राग आलेला. अजून हाय. पन तुमची भाची बोलते का तुमी माफी मागितली आनी असा कदी झालेला न्हाय, म्हनून लिवते.

गेल्या आयतवारी पेनवरना गणराजची आई आनी त्याचा काका आले. लग्नाला चवदा दिवस ऱ्हायलेले. मना वाटला मानपानाचा काय बोलाला आले. काका बोलला, "आमचे कानावर आलाय का तुमचे घरात फिट हाय." मी बोलले, "न्हाय. यो गैरसमज झालेला, मिटला." तो बोलला, "मंग साखरपुड्याला सून खुर्चीवर कशाला बसलेली? आमची बायकामानसा जमिनीवर आनी ती वर."

मी तोंड उघडला का सांगते, अंगचोर हाय. तसा सांगितला असता तर तिथंच विषय संपला असता. तवर गणराजची आईच बोलली, "नाटक करते काय?"

आता विहीनबाई, असा शबूद मी वरीसभर वापरते. पन तो माजे घरातला हाय. भायेरचे बाईनी येऊन माजे ओटीवर माजे सुनेला नाटकी बोलाचा, यो मना जमला न्हाय.

मी बोलले, "नाटक कशाचा? तिला दुखतंय." काका बोलला, "कुठं दुखतंय?" मी बोलले, "सगला." तो बोलला, "रिपोर्ट हाय?" मी बोलले, "रिपोर्टात येत न्हाय ता. मी बगितलाय." गणराजची आई बोलली, "काय बगितलाय?"

मंग मना सांगाला लागला. बिछान्यावरना मोरीपर्यंत ती भिंत धरून जाते आनी भिंतीला हाताचा काला पट्टा पडलाय, तो मीच दोनदा पुसलाय. कप उचलाला दोन हात लावते. सांडशी पडते, मंग बगते कोनी बगितला काय. सकाली उठाच्या आदी दात खाते, ता भिंतीपलीकडे मना ऐकू येते. पायाला तेल लावलेला तवा नडगीवर नुसता बोट ठेवला तरी डोल्यात पानी आलेला, आनी तोंडाने बोलते, "बरा वाटतंय आई." असा मी सांगत गेले. सांगता सांगता मनाच कलला का मी सगला बगितलेला. बगून गप ऱ्हायलेले.

(आत्या, आई एवढी सलग कधीच बोलली नव्हती. काकांचा चहा गार झाला. वहिनी आत दाराशी उभी होती, तिने सगळं ऐकलं. — जागृती)

मंग मी बोलले, "तुमाला लग्न मोडाचा असंल तर मोडा. पन माजी सून हलदीला पन खुर्चीवर बसंल, लग्नाला पन बसंल, आनी कोनी इचारला तर मीच सांगंन." जागृती रडाला लागली. तिला वाटला गेला लग्न.

काका उठला, भायेर गाडीशी जाऊन उबा ऱ्हायला. गणराजची आई उठली न्हाय. ती बोलली, "मोरी कुठं हाय?" आनी मोरीत न जाता सयपाकघरात तुमचे भाचीकडे गेली. मी मागना गेले. ती हलूच इचारत व्हती, "त्या डाक्टरचा नंबर हाय काय? मना पन सकाली असाच होते. आट वरसा झाली. घरी कोनाला बोलले न्हाय."

लग्न ठरल्या दिवशी हाय.

तुमची भाची जेट्टीवर जाते. अर्ध्या तासाने खिडकीत उबी ऱ्हाते, लोका वरडतात, ती परत बसते. घरी आल्यावर मी तिला कसा हाय इचारत न्हाय, ती खोटाच बोलते. मी इचारते, आज भाकऱ्या का आज बिछाना? ती एक सांगते. काल बिछाना बोलली. मना राग येते, अजून येते, काम पडलेला असते. पन मी आता तो राग कामावर काढते, तिच्यावर न्हाय. रोज न्हाय जमत. मंगलवारी न्हाय जमला.

आता तुमाला लिवाचा मुद्दा वेगला हाय. गणराजची आई पेनला जाऊन बोलली असंल, न्हायतर आमची शेजारीन बोलली असंल. बुदवारी एक आली, सासवन्याची. शुक्रवारी दोगी आल्या. काल तिगी, त्यात एक मास्तरीन. तुमचे भाचीजवल बसतात, कुनाची कंबर, कुनाचा डोका, कुनाचा पोटात, आनी तास तास बोलतात. एकीचेपन अंगावर काय दिसत न्हाय. सगल्या चांगल्या साड्या नेसून येतात. तुमची भाची ऐकते. उठाचा न्हाय म्हनून मीच सांगितलेला, म्हनून ती उठत न्हाय.

म्हंजे चहा कोनी कराचा? मी. काल सात कप केले. आनी त्यांच्यातली एक मना बोलते, "आजी, तुमचे पाय सुजलेत, तुमी पन बसा." मी बोलले, "मी बसले तर तुमाला चहा कोन दील?"

लग्नाला या. तुमाला मुद्दाम निमंतरन हाय. दोन दिस आदी आल्या तरी चालंल, वाटन वाटाला मानूस पायजे.

जनाबाई